फ्रोझन मटारचा इतिहास आणि आपलं स्वयंपाकघर



मागच्या डिसेंबरात मी पुण्याला मुलाकडे महिनाभर होते. पहिल्याच दिवशी फ्रीजर उघडला तर आत फ्रोझन मटारची पिशवी. मी लगेच बोलून गेले, "बर्फातलं आपल्या घरात कधी चालत नाही. आणि कधीची भाजी ही? शिळंच की ते." सूनबाई रागावली नाही, पण तिनं जे विचारलं ते माझ्या डोक्यातून जाईना. ती म्हणाली, "आई, मी ऑफिसातून येते साडेपाचला. सूर्य मावळतो सहाला. तुम्ही इथं असता तेव्हा शेंगा सोलून ठेवता, पण एरवी मी एकटी. सोलून, निवडून भाजी करायची तर मुलं दिवे लागल्यावर जेवतील. मग कुठला नियम आधी पाळू, तुम्हीच सांगा."

मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी समेट म्हणून त्याच मटारची उसळ मी स्वतः केली. आपल्या सवयीप्रमाणे कुकरमध्ये, दोन शिट्ट्या काढून. सात वर्षांच्या नातवानं एक घास घेतला आणि ताट सरकवलं. "आजी, हे पिठासारखं लागतंय." धाकटीनं तर तोंडातला घास बाहेर काढला. मी मनात म्हटलं, बघा, फ्रोझनची हीच चव.

पण दोष मटारचा नव्हता. दोष माझा होता. तो कसा, हे कळायला मला या पिशवीचा इतिहास वाचावा लागला. तोच आज सांगते.

वाळवण आणि बाटल्या

भाजीचा हंगाम संपतो, पण घरातली तोंडं तेवढीच राहतात. हा प्रश्न आपल्या आज्यांनाही होता. त्यांनी तो उन्हावर सोडवला. गवारीच्या शेंगा वाळवल्या, मेथी सावलीत सुकवली, कोहळ्याचे सांडगे घातले. पाणी काढून टाकलं की भाजी टिकते, हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. आपल्याकडे तर त्याला धर्माचीही जोड होती. चातुर्मासात पालेभाज्यांवर सूक्ष्म जीव फार, म्हणून त्या बंद. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं बंद. मग डाळी, कडधान्यं आणि वाळवणच उपयोगी पडायचं. पिठालासुद्धा मर्यादा असायची : पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. टिकवायचं, पण किती दिवस तेही मोजायचं, अशी आपली रीत.

युरोपात ऊन कमी. तिथं दुसरा मार्ग निघाला. फ्रान्सच्या सरकारनं सैन्यासाठी अन्न टिकवण्याची युक्ती शोधणाऱ्याला बक्षीस ठेवलं होतं. निकोलस अपेर नावाच्या मिठाईवाल्यानं काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचं घट्ट लावून, त्या पाण्यात बराच वेळ उकळल्या. १८१० साली त्याला १२,००० फ्रँक मिळाले, अट एवढीच की कृती छापून सगळ्यांना सांगायची. पुढं बाटलीच्या जागी पत्र्याचे डबे आले. डब्यातली भाजी वर्षानुवर्षं टिकायची, पण इतकी उकळलेली की मटारचा हिरवा रंग जाऊन तो शेवाळी आणि मऊ व्हायचा. टिकण्याची किंमत चवीनं मोजावी लागायची.

बर्फ आपल्या देशात आला तो बोटीतून

आता बर्फाकडे येऊ, कारण आपली खरी अडचण तिथंच आहे. बावीस अभक्ष्यांची यादी आपण लहानपणी पाठशाळेत पाठ केली. त्यात हिम आहे, गारा आहेत. पाण्यात असंख्य जीव, त्यात गोठलेल्या पाण्यात गरजेपेक्षा जास्त हिंसा, असं आपल्याला समजावलेलं. ज्यांनी हा नियम लिहिला त्यांच्यासमोर आभाळातून पडणाऱ्या गारा आणि डोंगरावरचं हिम होतं. घरात बर्फाचं कपाट असेल अशी कल्पनाही त्या काळी शक्य नव्हती.

आपल्या शहरांत विकत मिळणारा बर्फ मोठ्या प्रमाणात आला तो अमेरिकेतून, जहाजानं! फ्रेडरिक ट्यूडर नावाचा बोस्टनचा व्यापारी हिवाळ्यात तिथल्या तळ्यांवरचा बर्फ कापायचा आणि लाकडाच्या भुशात बांधून परदेशी पाठवायचा. १८३३ साली त्याचं 'टस्कनी' नावाचं जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं. वाटेत वितळूनसुद्धा सुमारे १०० टन उरला होता. पुढं मुंबई आणि मद्रासलाही बर्फघरं झाली. मद्रासचं बर्फघर आजही उभं आहे. स्वामी विवेकानंद तिथं काही दिवस राहिले, म्हणून आता त्याला त्यांचं नाव आहे.

बोस्टन ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आहे, तिथंच शंभर वर्षांच्या आत फ्रोझन मटारही पहिल्यांदा दुकानात आला. तो कसा, ते आता पाहू.

लॅब्राडोरचा वारा

क्लॅरेन्स बर्ड्झाय हा १८८६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जन्मलेला माणूस. १९१२ साली तो कॅनडाच्या अतिथंड लॅब्राडोर भागात व्यापारासाठी गेला. तिथले मूळ रहिवासी बर्फात मासे पकडत. उणे ४० अंशांपर्यंत जाणाऱ्या थंडीत, झोंबऱ्या वाऱ्यात तो मासा क्षणात दगडासारखा गोठे, आणि काही महिन्यांनी वितळवला तरी ताज्यासारखा लागे. मैत्रिणींनो, गोष्ट माशांपासून सुरू होते हे मलाही खटकलं. पण इतिहास आहे तसाच सांगावा लागतो. तिथल्या लोकांकडे दुसरं पिकत नव्हतं.

बर्ड्झायनं त्यातून नेमकी गोष्ट टिपली : सगळा फरक वेगाचा आहे. भाजी सावकाश गोठली की तिच्या आतल्या पाण्याचे मोठे, टोकदार खडे होतात आणि ते आतून पेशी फाडतात. वितळताना सगळं पाणी सुटतं आणि हातात लगदा येतो. झटकन गोठली तर खडे बारीक राहतात, पेशी फाटत नाहीत आणि भाजीचा पोत टिकतो. आपल्या जुन्या फ्रीजमध्ये वर एक छोटा बर्फाचा कप्पा असायचा, आठवतं? त्यात ठेवलेलं काहीही चिखल व्हायचं, त्याचं कारण हेच.

पुढं बायको आणि तान्हं बाळही त्याच्याजवळ लॅब्राडोरला राहायला आले. त्या हिवाळ्यात ताजी भाजी मिळणं कठीण. तेव्हा त्यानं पिंपात कोबी घालून, वर मिठाचं पाणी ओतून, थरावर थर गोठवून ठेवले. लागेल तसा एक थर फोडायचा. हे वाचताना मी थांबले. ज्या पिशवीवर मी रागावले तिचं मूळ एका बापाच्या काळजीत होतं. घरातल्यांना हिवाळ्यात हिरवं काय खायला घालायचं, हीच ती काळजी. माझ्या सुनेची काळजी याहून वेगळी कुठं होती?

अमेरिकेत परतल्यावर त्याची पहिली कंपनी बुडाली. पण त्यानं सोडलं नाही. १९२४ साली मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर गावी नवी कंपनी काढली आणि दोन अतिथंड धातूच्या पाट्यांमध्ये खाद्याची पाकिटं दाबून झटपट गोठवायचं यंत्र बनवलं. १९२९ साली त्यानं सगळं विकलं २ कोटी २० लाख डॉलरना. मी बी.कॉम., त्यामुळे हिशेबाकडे लगेच डोळा जातो. त्यातले २ कोटी नुसत्या पेटंटांचे होते. बाकी मालमत्तेचे फक्त २० लाख! इमारतींपेक्षा युक्तीला दहापट भाव.

विकत घेणाऱ्यांत पोस्टम ही कंपनी होती, आणि तिची मालकी वारशानं आली होती मार्जोरी मेरीवेदर पोस्ट या बाईंकडे. हा व्यवहार करावा म्हणून त्यांनीच आग्रह धरला होता, असं सांगतात. घरात काय लागतं हे एका बाईला आधी कळलं, याचं मला नवल वाटलं नाही.

६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड शहरातल्या १८ दुकानांत गोठवलेले पदार्थ विक्रीला आले. त्यात मटार होता, पालक होता. पण खप लगेच वाढला नाही. दुकानांत गोठवणपेट्या नव्हत्या, लोकांच्या घरी फ्रीजर नव्हते, रेल्वेला तसे डबे नव्हते. दुसऱ्या महायुद्धात मात्र पत्रा लढाईकडे वळला, डबे मिळेनात, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातली ही भाजी घराघरांत शिरली. सुरुवातीला मटार विटेसारखा एकत्र गोठलेला असायचा. १९६० नंतरच्या काळात गार हवेच्या झोतावर एकेक दाणा सुटा गोठवायची यंत्रं आली, म्हणून आज पिशवी हलवली की मटार खळखळतो.

आपल्या देशात घरगुती फ्रीज बनू लागला १९५८ साली, गोदरेजनं बनवला तेव्हा. तोही फार थोड्या घरांत. १९८८ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं दिल्लीत 'सफल' नावानं फळ-भाजीचं काम सुरू केलं आणि त्याच नावाचा फ्रोझन मटार पुढं आपल्या ओळखीचा झाला.

इतिहासातला गरम पाण्याचा भाग

आता ती गोष्ट, जिच्यामुळे माझी उसळ बिघडली. सुरुवातीला भाजी कच्चीच गोठवून पाहिली तेव्हा लक्षात आलं की काही आठवड्यांनी तिला वाळक्या गवताचा वास येतो, रंग उडतो. कारण भाजीत असे काही घटक असतात की थंडीतही ते हळूहळू आपलं काम करत राहतात. त्यांना थांबवायचं तर गोठवण्याआधी भाजी थोडा वेळ उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढायची आणि लगेच गार करायची. मटारला साधारण दीड-दोन मिनिटं, फरसबीला तीनेक मिनिटं.

म्हणजे पिशवीतला मटार कच्चा नसतोच. तो अर्धा शिजून आलेला असतो. आणि मी त्याला वर कुकरच्या दोन शिट्ट्या दिल्या! दोनदा शिजवलेलं पीठच होणार. ज्या चवीला मी नावं ठेवली ती माझ्याच हातची होती.

आणखी एक गोष्ट. मटार तोडला की त्यातल्या साखरेचा हळूहळू स्टार्च व्हायला लागतो, गोडी कमी होते. कारखान्यात तो तोडल्यावर लवकरच गोठवतात. म्हणून मंडईत चार दिवस पडलेल्या शेंगेपेक्षा पिशवीतला दाणा कधी कधी गोड असतो. मुलांना नेमकी तीच गोडी हवी असते, आणि आपण ती शिजवून घालवतो.

मुलांना आवडेल असं

हे कळल्यावर मी पद्धत बदलली. चार गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुरे.

मटार आधी बाहेर काढून वितळवत ठेवायचा नाही. पाणी सुटतं, दाणा सुरकुततो. फ्रीजरमधून थेट गरम कढईत टाकायचा.

कढई पसरट घ्यायची, आच मोठी, झाकण नाही. अंगचं पाणी उडून गेलं पाहिजे. तीन-चार मिनिटांत काम होतं.

पाणी वरून घालायचं नाही. रश्शाची उसळ असेल तर खोबऱ्या-जिऱ्याचं वाटण आधी पूर्ण उकळून घ्यायचं, मटार शेवटच्या चार मिनिटांत.

मीठ आणि लिंबू शेवटी. लिंबू आधी पिळलं तर हिरवा रंग जातो, आणि मुलं आधी डोळ्यांनी खातात.

आमच्या नातवंडांना सगळ्यात आवडलं ते सगळ्यात सोपं : तुपात जिरं-हिंग, त्यात मटार आणि मक्याचे दाणे, तीन मिनिटं परतून वर मीठ, लिंबू. वाटीत घालून चमच्यानं खायला दिलं. फरसबी मात्र बारीक चिरलेली हवी, वर भरपूर ओलं खोबरं. मटारचं सारण किंचित ठेचून, आल्याऐवजी हिरवी मिरची आणि थोडी बडीशेप घालून पराठ्यात भरलं तर डब्यात एकही तुकडा परत येत नाही. कटलेटला बटाट्याच्या जागी उकडलेलं कच्चं केळं उत्तम धरून ठेवतं.

आणि एक युक्ती नातवानंच दिली. पळीतून कढईत पडताना मटार टणटण वाजतो, ते त्याला ऐकायचं असतं. आता मटार कढईत टाकायचं काम त्याचं, मी शेजारी उभी. स्वतः टाकलेला मटार तो न सांगता खातो.

पिशवी आणताना

तरीही सगळंच सोडून द्यायचं असं मी म्हणत नाही. काही गोष्टी आपल्याला बघायलाच हव्यात. 'मिक्स व्हेज' ची पिशवी आणू नका, त्यात गाजर असतं. मटार, मका, फरसबी वेगवेगळी घ्या. हिरवा ठिपका बघा. दुकानातल्या एकाच फ्रीजरमध्ये मांसाहारी पाकिटं शेजारी असतील तर दुसरं दुकान शोधा, आजकाल मिळतं. वीज गेल्यामुळे वितळलेली भाजी पुन्हा गोठवू नका.

अष्टमी-चतुर्दशीला फ्रोझन मटारही हिरवाच. गोठवला म्हणून तो वाळवणात धरू नये. आमच्याकडे पर्वात आणि चातुर्मासात पिशवी घरात येत नाही. ज्यांनी बर्फाचा किंवा मर्यादेचा नियम घेतला आहे त्यांनी आपल्या महाराजांना, माताजींना विचारूनच ठरवावं. तो अधिकार माझा नाही.

मला सर्वांत बोचतो तो मुद्दा वेगळाच आहे. शेंग सोलताना आपण प्रत्येक दाणा बघतो. अळी असली तर शेंग हलकेच बाजूला ठेवतो. तीच आपली अहिंसा, स्वयंपाकघरातली. पिशवीतल्या दाण्यासाठी ते कोणी केलं, हे आपल्याला दिसत नाही. म्हणून आता मी जमेल तेव्हा घरीच मटार गोठवते. जानेवारीत स्वस्ताईला पाच किलो शेंगा आणायच्या. रविवारी दुपारी सगळ्यांनी बसून सोलायच्या, शोधायच्या. नातवंडं दाणे मोजतात, आईवडील गप्पा मारतात. गाळलेलं पाणी उकळून त्यात दाणे दोन मिनिटं. मग बर्फाचं नाही, माठाचं गार पाणी. कोरड्या कापडावर पसरून पूर्ण कोरडे करायचे, ताटात एकेरी थर करून रात्रभर फ्रीजरमध्ये, आणि सकाळी छोट्या पिशव्यांत. एकेरी थर का, हे आता तुम्हाला सांगायला नको, झटकन गोठण्यासाठी. प्रत्येक पिशवीवर तारीख लिहायची आणि चातुर्मास लागण्याआधी सगळ्या संपवायच्या. पिठाला मर्यादा, तशी पिशवीलाही.

या जानेवारीत आम्ही असंच केलं. मी सांगलीला परतताना सूनबाईच्या फ्रीजरमध्ये घरच्या मटारच्या अकरा पिशव्या होत्या. नंतर एका संध्याकाळी तिचा फोन आला, सहा वाजायला दहा मिनिटं होती. मागून नातवाचा आवाज : "आजी, आमचं जेवण झालं!"

मैत्रिणींनो, तिच्या त्या दिवसाच्या प्रश्नाचं उत्तर मला हे मिळालं. दोन नियमांत ओढाताण होते तेव्हा बऱ्याचदा कमी पडत असतो तो घरातला एक हात. सून एकटी सोलत होती आणि मी तिला नियम सांगत होते. तुमच्याही सुनेच्या, लेकीच्या फ्रीजरमध्ये अशी पिशवी दिसली तर काही बोलण्याआधी एक रविवार तिच्याबरोबर शेंगा सोलायला बसा.

लिहिण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर क्षमा असावी.

जय जिनेंद्र.